लता-सदनाचं खुराडं

४ ऑक्टोबर १९६४, रविवार

आजपासून रोजनिशी. रोज लिहायची, न चुकता. नगरपालिकेत अठरा वर्षं रेकॉर्ड कारकून आहे. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

विषय: चि. लताचं वजन. श्रावणात टायफॉईड झाला. ताप गेला, पण पोरगी भरून येईना. आठ वर्षांची मुलगी आणि वजन अडतीस पौंड. डॉक्टर म्हणाले, दूध द्या आणि रोज एक अंडं. मी म्हटलं, डॉक्टर, आम्ही ब्राह्मण. ते म्हणाले, मीही ब्राह्मणच आहे, पण माझं वजन अडतीस पौंड नाही. डॉक्टर लोकांना कुठे काय बोलावं ते कळत नाही.

घरी आलो तर शरयूनं भावाचं पत्र पुढे केलं. लक्ष्मीकांत, माझा मेहुणा, बुलढाण्याला ओव्हरसियर. लिहितो, ताईला आणि लताला इकडे पाठवा. इथे सरकारी क्वार्टर्समध्ये कोण काय खातं कुणी बघत नाही. दोन महिन्यांत पोरगी टुणटुणीत होईल. शरयू म्हणाली, जाऊ का? मी स्पष्ट सांगितलं, माझी मुलगी माझ्या घरात सुधारेल. शेवटी तडजोड झाली ती अशी: संक्रांतीपर्यंत वजन बेचाळीस पौंड झालं नाही, तर मायलेकी बुलढाण्याला आणि लताची शाळाही तिकडेच. मी लगेच कबूल झालो. संक्रांत तीन महिने लांब आहे. चार पौंड म्हणजे दोन शेर. एवढी तर वाण्याकडची साखरेची पुडी असते.

फक्त अंडं विकत आणणार नाही. आमची गल्ली बालाजीच्या देवळामागची. बाजारात अंडं हातात दिसलं तर दिवेलागणीच्या आत पुराणिकबुवांच्या ओट्यावर माझं नाव निघेल.

५ ऑक्टोबर, सोमवार

मार्ग सापडला. विकास ब्लॉकच्या माणसानं कचेरीत परसातल्या कोंबड्यांवरची पुस्तिका टाकली होती. रेकॉर्डरूममध्ये बसून अठ्ठावीस पानं संपवली. नर नसलेल्या कळपातलं अंडं निर्जीव असतं, म्हणजे दुधासारखंच, असं पान चारवर छापून आलेलं आहे. सबब, बाजारातून एक अंडं आणण्यापेक्षा घरी आठ कोंबड्या ठेवणं हे सोज्ज्वळ.

शरयूला योजना सांगितली. ती म्हणाली, एक अंडं लपवता येत नाही, आठ कोंबड्या कशा लपवणार? बायकांना नियोजन समजत नाही.

१० ऑक्टोबर, शनिवार

मधले चार दिवस लिहिणं झालं नाही. विचार चालू होता.

आज जागेची पाहणी. परसात पेरूखाली लताचं खेळघर आहे. दोन दिवाळ्यांपूर्वी लक्ष्मीकांतनं रजा घेऊन बांधलं. पंपाच्या खोक्यांच्या देवदारी फळ्या, वर पत्रा, पाच फूट बाय चार, मूल उभं राहील एवढी उंची. पुढे वीतभर ओटा, एक दार, एक खिडकी, दारावर निळ्या रंगात ‘लता-सदन’. आत मातीची चूल, फळीवर पितळी भातुकली. येणारे-जाणारे कौतुक करतात. मी आज बारकाईनं पाहिलं तर तीन दोष सापडले. दाराला कडी फक्त आतून, हा त्यातला एक.

या घरात कोंबड्या असतील असा संशय ब्रह्मदेवालाही येणार नाही. बाहेरून खेळघर, आतून खुराडं. पाटी तशीच ठेवायची.

लताची संमती घेतली. ती म्हणाली, मग माझं घर कुठे जाईल? म्हटलं, कुठे जात नाही, तुझ्याकडे पाहुणे येणार. ती म्हणाली, किती दिवस? मुलं फार प्रश्न विचारतात. मग तिनं स्वतःच भातुकली टोपलीत भरली आणि माजघरात नेऊन ठेवली. चूल निघेना, पक्की बसवलेली आहे. तिच्याशेजारी बराच वेळ बसून होती. संमती स्वखुशीची आहे.

१४ ऑक्टोबर, बुधवार

बालाजीच्या यात्रेची गर्दी. ढोल-ताशात ठोकाठोकी ऐकू जात नाही, म्हणून हाच मुहूर्त धरला.

पुस्तिकेप्रमाणे जमीन उंच हवी. पहार घालून घर उचललं आणि विटा सारल्या. एक कोपरा वर आला की समोरचा खाली जातो. तीनदा केलं. आता घर पेरूच्या अंगाला कललेलं आहे. पाणी वाहून जायला उतार हवाच होता.

डाव्या हाताचा अंगठा निळा. मी उजव्या हातानं लिहितो, त्यामुळे काम थांबणार नाही.

१५ ऑक्टोबर, दसरा

हातोडीची पूजा केली. आज तिला हात लावायचा नसतो, ते बरंच झालं.

१७ ऑक्टोबर, शनिवार

आतली कडी काढून बाहेर लावली. खिडकीला जाळी ठोकली. मागच्या भिंतीला अंडी काढायची झडप केली. ती साडेतीन फुटांवर आली, अंडी जमिनीवर असणार. तरी वाकावं लागणार नाही हा फायदा आहेच.

काम पूर्ण. लक्ष्मीकांतला आठ दिवस लागले होते, मला चार.

१८ ऑक्टोबर, रविवार

खरेदी. जालना रोडला पुंजाजीचा मळा आहे. त्यानं पांढऱ्या विलायती जातीची दोनशे पिल्लं वाढवली आहेत, तीन महिन्यांची झाली. म्हणाला, ‘साहेब, मी निवडून देतो, तुमी बसा, च्या घ्या.’ विकणाऱ्यानं निवडलेला माल घेणारा मी नव्हे. पान नऊ पाठ होतं: निरोगी पक्ष्याचा तुरा मोठा व लालभडक, छाती पुढे, चाल ताठ, नजर तीक्ष्ण. त्याबरहुकूम एकेक हेरून आठ काढले.

पुंजाजीनं विचारलं, ‘हे काऊन पाह्यजेत तुमाले? खायाले का अंड्याले?’ म्हटलं, अर्थात अंड्याला, आणि नर एकही नको. तर म्हणतो, ‘मंग हे ठेवा ना खाली. ते बारक्या तुऱ्याचे घ्या.’ किरकोळ माल गळ्यात मारायचा हा जुना डाव आहे. मी म्हटलं, पुंजाजी, मला शिकवू नका, मी वाचून आलोय. त्यानं टोपली पुढे सारली. मग म्हणाला, ‘हाव. तुमी शिकेल मानसं. न्या.’

सायकलच्या दोन्ही बाजूंना टोपल्या, वर शरयूचं जुनं लुगडं. वाटेत पुराणिकबुवा भेटले. म्हटलं, कपडे परटाकडून आणतोय. त्याच वेळी कपडे ओरडले. बुवांना कमी ऐकू येतं.

हिशेब: साडेपाच महिन्यांचा पक्षी अंड्यावर येतो, म्हणजे फार तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. ही चांगल्या खुराकावर लवकर येतील, मळ्याचा माल आहे. संक्रांतीला आठ दिवस उरतील. आठ कोंबड्या, दिवसाला पाच अंडी धरू. लतानं पाचही खाल्ली की आठ दिवसांत चार पौंड कुठे गेले नाहीत. शरयूनं विचारलं, तोवर काय? तोवर दूध.

२५ ऑक्टोबर, रविवार

आज वायुवीजनाची पाहणी केली. प्रत्यक्ष आत बसून. सुमारे दोन तास.

(खरं म्हणजे मी आत शिरलो, वाऱ्यानं दार लागलं आणि बाहेरची कडी आपोआप पडली. शरयू आणि लता देवळात. गुडघे हनुवटीला, खाली चूल, भोवती आठ पक्षी. खोकला आला. भिंतीपलीकडून कौशल्याबाईंनी विचारलं, कोण आहे? कौशल्याबाई म्हणजे आमच्या शेजारीण. अंगणात कावळा बसला तरी गोमूत्र शिंपडतात. म्हटलं, मी आहे, रमाकांत. म्हणाल्या, त्या पोरीच्या घरात काय करता? म्हटलं, लताबरोबर भातुकली खेळतोय. म्हणाल्या, मग ती बोलत का नाही? म्हटलं, ती बाजारात गेली आहे, खेळातली. म्हणाल्या, दार उघडून देऊ का? मी ओरडून नको म्हटलं. त्या गेल्या. त्यानंतर आणखी तासभर.)

हवा खेळती आहे.

८ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली. लताचं वजन अडतीस. घट नाही, ही समाधानाची बाब.

बंदोबस्त वाढवला. संध्याकाळी गल्लीतल्या बायका विहिरीवर येतात, त्या वेळी लतानं भातुकली घेऊन ओट्यावर बसायचं. म्हणजे बघणाऱ्याला खेळघरात मूल दिसतं, शंकेला जागा नाही. ती म्हणाली, आत जाता येत नाही तर मी बाहेर काय खेळू? म्हटलं, दाराशी बसून पाहुण्यांची वाट बघ. बसते बिचारी. फार समजूतदार आहे. वारा गार सुटतो, तेव्हा शरयू येऊन शाल टाकते आणि माझ्याकडे बघते. बोलत काही नाही. संमती समजावी.

२२ नोव्हेंबर, रविवार

लताला खोकला. औषध आणलं.

तानुबाई भाजी घेऊन आली होती. गावाबाहेरच्या वस्तीवर राहते, कोंबड्या पाळते, डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरते. ओट्यावर बसलेल्या लताकडे तिनं नीट पाहिलं आणि मला बाजूला बोलावून म्हणाली, ‘साहेब, पोरीच्या हातापायाच्या काड्या झाल्या. तुमी म्हनसान तं सांजच्याले मांगच्या दारानं येऊन जाईन मी. कोनाले समजनार नाही.’ मी ताडकन म्हटलं, बाई, आमच्या घरी तसलं काही चालत नाही. नेमकं तेव्हाच लता-सदनात पंख फडफडले. तानुबाईनं तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पालकाची जुडी ठेवली आणि गेली.

लोकांना दुसऱ्याच्या घरात फार लक्ष.

६ डिसेंबर, रविवार

आज पक्षी तोलले. सरासरी तीन पौंड, कुठलाही मळेवाला हेवा करेल. तुरे तर असे लाल की पुस्तिकेतल्या चित्राला लाज वाटावी. लता साडेसदतीस. काटा जुना आहे.

सकाळी तिला पकडलं. आपल्या पेल्यातलं दूध त्यांच्या परळात ओतत होती. दशमीचा तुकडाही कुस्करून टाकलेला. विचारलं, रोज टाकतेस? मान हलवली. का? म्हणाली, तुम्हीच म्हणालात ना, ते जाड झाले की अंडी देतील, मग मी जाड होईन. म्हणून आधी त्यांना.

तिला उचलून घेतलं. उचलताना जोर लावला होता तेवढा लागला नाही. इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे बोललो नाही.

नंतर विचार केला. आधी भांडवल, मग नफा, हे तिला आपसूक कळलं. डोकं माझ्यावर गेलं आहे.

१३ डिसेंबर, रविवार

पहाटे परसातून विचित्र आवाज. घोगरा, मधेच तुटणारा. जाऊन पाहिलं. सर्वांत मोठी कोंबडी मान ताणून उभी. घसा बसला असावा. हळद-गुळाची गोळी दिली.

१४ डिसेंबर, सोमवार

आणखी तिघींचे घसे बसले.

१६ डिसेंबर, बुधवार

आठही जणी आरवतात. एकीनं सुरू केलं की बाकीच्या मागे राहत नाहीत. कोंबडी आरवते असं पुस्तिकेत कुठे नाही, पण आरवत नाही असंही नाही.

कौशल्याबाई भिंतीवरून म्हणाल्या, ते काय पाळलंय तुम्ही? मागे एकदा मी त्यांना कबुतरं सांगितली होती, तेच पुन्हा सांगितलं. म्हणाल्या, तुमची कबुतरं आरवतात. म्हटलं, जालन्याकडची जात आहे. त्या भिंतीवरून खाली उतरल्या. पटलं असावं.

कचेरीत हेडक्लार्क म्हणाले, रमाकांत, तुमच्या गल्लीमुळे हल्ली अलार्म लावावा लागत नाही. मी हसलो. ते नाही हसले.

२१ डिसेंबर, सोमवार

पुंजाजी मुलीचा जन्मदाखला काढायला कचेरीत आला होता. घरी घेऊन आलो, सहज मत घ्यावं म्हणून. वाटेत लताच्या वजनाचं बोलणं झालं. त्यानं जाळीतून आत पाहिलं आणि मटकन खाली बसला. मला वाटलं चक्कर आली. हसत होता. डोळे पुसत म्हणाला, ‘साहेब, हे आठी कोंबडेच हायेत. एक बी तलंग नाही यायच्यात. मी तुमाले तवाच सांगून राह्यलो होतो ना!’ तलंग म्हणजे अंड्यावर यायची कोवळी कोंबडी. पुस्तिकेत हा शब्द नाही.

मी म्हटलं, दोनशेतून निवडलेले आठच्या आठ नर निघणं गणितात बसत नाही. निदान दोन तरी माद्या असणारच. तो म्हणाला, ‘तुमी तुरे पाहूपाहू घेतले, मंग बसते ना गनितात.’

मग हसणं थांबवून म्हणाला, ‘हे आठ मले द्या, मी तुमाले तीन तलंगा देतो, आठ-पंधरा दिवसात अंड्यावर येतीन. पोरीसाटी हाये म्हून देतो.’ विचारलं, या आठांचं तुम्ही काय करणार? त्यानं गळ्यावरून बोट फिरवलं. लता मागेच उभी होती. तिनं जी किंकाळी फोडली ती विहिरीपर्यंत गेली. मी म्हटलं, पुंजाजी, माझ्या दारातून जीव कापायला जाणार नाही. तो म्हणाला, ‘मंग ठेवा घरात. पन मानूस म्हनून सांगतो, पोरीले अंडं द्या कुठून बी.’

शरयू म्हणाली, कापायला नको, ते खरं. पण ते आठ इथेच राहू देत, त्या तीन दुसऱ्याकडून आणू या, चुकलं म्हणा आणि मोकळे व्हा. चुकलं कुठे? खेळघरात आठांचीच जागा आहे, अकरा ठेवले तर वायुवीजन बिघडेल. पुंजाजीचं मत नोंदवून घेतलं. दुसरं मत येईपर्यंत जैसे थे.

रात्री जेवण गेलं नाही. वरण आंबट होतं.

३ जानेवारी १९६५, रविवार

नव्या वर्षाचा संकल्प: घाबरायचं नाही.

पान एकवीसवर एक युक्ती आहे. पहिलटकर कोंबडीला अंडं कुठे घालायचं ते कळत नाही, म्हणून गवतात खोटं अंडं ठेवावं, म्हणजे बघून शिकते. दोन माद्या असतील तर त्यांना संधी मिळायला हवी. नदीतून पांढरा गुळगुळीत गोटा आणला, अगदी अंड्याएवढा. काल संध्याकाळी ठेवला. घरात कुणाला सांगितलं नाही. आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून नव्हे, विसरलो.

आज सकाळी लता ओरडत आली. झालं! बाबा, झालं! आई, झालं! दोन्ही हातांच्या ओंजळीत घेऊन, पदराखाली दिवा नेतात तशी जपून चालत. धापा टाकत होती. शरयू चुलीपुढून उठली. तिचा चेहरा असा उजळला की दिवाळीतही पाहिला नव्हता. क्षणभर मलासुद्धा खरं वाटलं.

शरयूनं ते हातात घेतलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. लतानं ते परत घेऊन चुलीच्या कडेवर हळूच आपटलं. ठक्क. पुन्हा आपटलं. म्हणाली, बाबा, हे फार कडक आहे.

मग तीच म्हणाली, अजून कच्चं असेल, उद्यापर्यंत मऊ होईल. आणि जागच्या जागी नेऊन ठेवून आली.

९ जानेवारी, शनिवार

आज कचेरीतून येताना बाजाराच्या वाटेनं आलो. मुद्दाम नव्हे. एक बाई अंडी मांडून बसली होती. मी समोरच्या दुकानात दोरा विकत घेत उभा राहिलो. बराच दोरा घेतला. तेवढ्यात हेडक्लार्कची सायकल दिसली, म्हणून निघालो.

दोरा केव्हाही उपयोगी पडतो.

१४ जानेवारी, संक्रांत

डॉक्टरांच्या काट्यावर लता सदतीस.

म्हणजे सवातीन महिन्यांत एक पौंड उणे. डॉक्टर म्हणाले, अंडं देताय ना रोज? मी म्हटलं, व्यवस्था चालू आहे. शरयू म्हणाली, नाही डॉक्टर, एकदाही दिलेलं नाही. एवढ्या स्पष्टपणे बोलायची तिला सवय नाही. डॉक्टर माझ्याकडे बघून काही बोलणार होते, मग लताकडे पाहून गप्प बसले. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

येताना मी म्हटलं, यंदा संक्रांत जरा लवकरच आली. शरयू थांबली आणि म्हणाली, संक्रांत दरवर्षी चौदालाच येते. घरी येऊन तिनं माळ्यावरची ट्रंक काढली. मी स्टूल धरलं.

लतानं तीळगूळ दिला. आठ जणांनाही दिला, जाळीतून एकेक दाणा.

१६ जानेवारी, शनिवार

लक्ष्मीकांत आला. मी उत्तरं तयार ठेवली होती. अनुभवातून माणूस शिकतो, जातिवंत पक्षी आहेत, पुढच्या खेपेस असं असं. त्यानं काही विचारलंच नाही. परसात गेला, कललेल्या घराभोवती एक फेरी मारली, पत्र्यावर हात ठेवून उभा राहिला. आतून आठही जण एकदम ओरडले. तो परत आला आणि म्हणाला, दाजी, चहा घेऊ या? एक शब्द टोचून बोलला नाही. त्याचा हा स्वभाव मला पहिल्यापासून आवडत नाही.

लता म्हणाली, बाबा, तुम्ही पण चला ना. म्हटलं, कचेरी आहे, आणि यांच्याकडे कोण बघणार? ती म्हणाली, यांना सोडून द्या. म्हटलं, मांजरं खातील. मग म्हणाली, तर मग रोज त्यांच्याशी थोडं बोला, नाहीतर ते वाट बघत बसतात.

१७ जानेवारी, रविवार, सकाळ

गाडी नऊला. सगळे तयार. लता नवा स्वेटर घालून ट्रंकेवर बसली आहे, पाय जमिनीला पोचत नाहीत. मी आत येऊन हे लिहितोय.

माझं चुकलं. आठ पक्ष्यांबद्दल नव्हे. ते चुकलंच, पण ते सोडा. डॉक्टरांनी एक अंडं सांगितलं होतं. एक.

आत्ता जातो. उघड्या रस्त्यानं, कोट-टोपी घालून, तानुबाईच्या दारात. जो बघेल तो बघो. शरयूला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी स्टँडवर येतोच. गाडीत बसायच्या आधी लताच्या हातात अंडं देणार, सगळ्या गावासमोर.

त्याच दिवशी, दुपार

गेलो. पुराणिकबुवा ओट्यावर होते. कुठे निघालात? मी मोठ्यानं सांगितलं, अंडं आणायला. ते दचकले वगैरे नाहीत. म्हणाले, तानुबाईकडचीच घ्या हो, ताजी असतात.

तानुबाई दारात शेणसडा घालत होती. मला पाहून विचारलं, ‘लतीसाटी का?’ म्हटलं, हो. आत गेली, एक अंडं आणलं, पदरानं पुसलं. म्हणाली, ‘लई उशीर केला तुमी. तुमची सारी गल्ली नेते माह्याकडून. कौशल्याबाई नातवासाटी दोन नेतात रोजचे, मांगच्या दारानं. बुवा सवताच खातात, खोकल्यासाटी म्हनून. तुमचे हेडक्लार्क बी. दिवाळीपासून मनात होतं माह्या, तुमच्या पोरीले द्यावं. पन सारे म्हनत, रमाकांतभाऊ लई कडक हायेत सोवळ्याचे, त्यायच्या दारात अंड्याचं नाव काढू नोको. एकडाव भीतभीत बोलली, तं तुमी हाकलून देलं.’

मी रुमाल काढला. मग निघालो. अंडं रुमालात, रुमाल दोन्ही हातांत. फुटेल म्हणून धावता येईना. भरभर चाललो. स्टँडच्या वळणावर आलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. गाडी वेळेवर सुटली होती. हॉटेलवाला म्हणाला, ‘साहेब, तुमची पोरगी खिडकीतून मांगं पाहून राह्यली होती. हात बी करून राह्यली होती, पन कोनाले ते समजलं नाही मले.’

घरी आलो. उद्याच्या पहिल्या गाडीनं कंडक्टरच्या हाती बुलढाण्याला पाठवावं, म्हणून उकडायला घेतलं. चूल पेटवली, पातेल्यात पाणी ठेवलं, अंडं आत सोडलं.

अंडं किती वेळ उकडतात ते मला ठाऊक नाही. घरात विचारायला कोणी नाही.